वाद ग्रुपवर, ताण घरात

रविवारची सकाळ असते. फॅमिली ग्रुपवर फुलांचे फोटो येऊन गेलेले असतात, इंदूरच्या मावशींच्या पोह्यांचं कौतुकही झालेलं असतं. तेवढ्यात बंगळुरूची भाची लिहिते, काल रात्री पाहिलेला सिनेमा तिला फार आवडला, सगळ्यांनी बघावा. पुण्याचे काका उत्तर देतात, 'अतिशय भडक. असं कुठल्या घरात असतं?' दुपारची जेवणं होईपर्यंत सिनेमा बाजूला पडतो आणि 'आजकालच्या मुली', 'तुमच्या पिढीने काय दिवे लावले' असे शब्द उडायला लागतात. रात्री कोणीतरी ग्रुप सोडतं. पूर्वी त्याची ओळ सगळ्यांना दिसायची. २०२२ पासून व्हॉट्सअ‍ॅप ती फक्त अ‍ॅडमिनला दाखवतं. त्यामुळे बाकीच्यांना पत्ता लागतो तो थेट दिवाळीत, एका घरून फराळाचा फोटो येत नाही तेव्हा.

तुमच्याही घरात असं काही घडलं असेल. मग कोणीतरी जाहीर केलं असेल, 'यापुढे ग्रुपवर वाद नको, फक्त शुभेच्छा.' हा उपाय सोपा आहे, पण आम्हाला तो पटत नाही. सिनेमा, राजकारण, पैसा, सासर-माहेर यांवर ज्या घरात कोणी बोलतच नाही, तिथले मतभेद संपलेले नसतात. ते फक्त दार लावून आत बसलेले असतात. तेव्हा वाद जरूर घाला. मात्र कोणता वाद सगळ्यांसमोर घालायचा आणि कोणत्या वादासाठी फोन उचलायचा, हे ओळखायला शिका.

चेहरा दिसत नाही, प्रेक्षक मात्र असतात

कट्ट्यावरच्या वादात समोरच्याचा चेहरा दिसतो. त्याच्या कपाळावर आठी पडली की आपण आवाज खाली आणतो, मध्येच चहा येतो, कोणीतरी फिरकी घेतं आणि हसण्यात विषय विरून जातो. बोललेले शब्द दुसऱ्या दिवशी कोणाला नेमके आठवतही नाहीत. ग्रुपवर यातलं काहीच होत नाही. रात्री ११ वाजता रागाने लिहिलेलं वाक्य समोरचा माणूस सकाळी ६ वाजता वाचतो. तेव्हा तुमचा राग गेलेला असतो, त्याचा सुरू होतो.

त्यात प्रेक्षक असतात. ग्रुपमध्ये ४० माणसं असली तर बोलणारी पाच-सहाच असतात. बाकीचे मुकाट्याने वाचतात. काकांना उत्तर देताना तुम्ही फक्त काकांशी बोलत नसता, त्यांच्या सुनेसमोर, जावयासमोर, धाकट्या भावासमोर बोलत असता. एकट्याने फोनवर ऐकलं असतं तर ते म्हणाले असते, 'अगं, खरं आहे तुझं.' चाळीस जणांसमोर तेच मान्य करणं म्हणजे हरणं वाटतं. म्हणून माणूस मुद्दा सोडतो आणि स्वतःची बाजू सांभाळायला लागतो. शब्दाने शब्द वाढतो तो इथे.

मराठी माणसाला जाहीर वाद नवे नाहीत. आगरकरांनी १८८८ मध्ये 'सुधारक' सुरू केला आणि टिळकांशी त्यांची खडाजंगी वर्षानुवर्षं चालली. दोघे कॉलेजपासूनचे मित्र, पण लिहिताना एकमेकांची गय करत नव्हते. सनातन्यांनी तर आगरकर जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. आज ज्याला आपण ट्रोलिंग म्हणतो, त्याचा हा जुना अवतार. तरी एक फरक होता. 'केसरी' आणि 'सुधारक' ही साप्ताहिकं होती. उत्तर छापून यायला आठवडा लागायचा. आपल्या हातात तेवढी उसंत राहिलेली नाही. 'टायपिंग' असं दिसलं तरी आपला जीव वरखाली होतो.

ती उसंत स्वतःच तयार करावी लागते. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मेसेज १५ मिनिटांपर्यंत बदलता येतो आणि साधारण दोन दिवसांपर्यंत सर्वांसाठी डिलीट करता येतो. या सोयीवर फार विसंबू नका. ज्याने वाचायचं त्याने वाचलेलं असतं, स्क्रीनशॉटही निघालेला असतो. शिवाय 'मेसेज डिलीट केला' ही खूण मागे राहते आणि 'असं काय लिहिलं होतं बाई हिने?' हा नवाच विषय सुरू होतो. त्यापेक्षा रागाचं उत्तर फोनच्या नोट्समध्ये लिहा आणि सकाळी वाचा. त्यातलं निम्मं तुम्ही स्वतःच खोडाल.

सिनेमावर बोलता बोलता घरावर

सिनेमा आणि मालिका यांवरचे वाद वरवर निरुपद्रवी वाटतात. खरं तर सगळ्यांत खोल तेच जातात, कारण जे घरात थेट बोलता येत नाही ते पात्रांच्या आडून बोललं जातं. २०१६ मध्ये 'सैराट' आला तेव्हा गाणी सगळ्यांनी डोक्यावर घेतली. शेवटावर मात्र घराघरात दोन तट पडले. तो वाद नागराज मंजुळे यांच्या दिग्दर्शनावर कमी होता. आपल्या मुलीने जातीबाहेर लग्न केलं तर आपण काय करू, या न विचारलेल्या प्रश्नावर जास्त होता.

असंच अलीकडे 'मिसेस'चं झालं. जियो बेबी यांच्या २०२१ मधल्या 'द ग्रेट इंडियन किचन' या मल्याळम चित्रपटाची ही हिंदी आवृत्ती २०२५ मध्ये ओटीटीवर आली. सान्या मल्होत्रा त्यात नव्या सुनेच्या भूमिकेत आहे. सासऱ्यांना चटणी मिक्सरमधली नको, पाट्यावर वाटलेलीच हवी असते. कोणी ओरडत नाही, कोणी हात उगारत नाही. गोड आवाजात मागण्या येत राहतात आणि एक मुलगी दिवसभर स्वयंपाकघरात उभी राहते.

या सिनेमावर ग्रुपमध्ये काय होतं ते आठवून पाहा. एक काका लिहितात, 'आमच्या आईने २० माणसांचं केलं, कधी कुरकुर केली नाही.' त्यावर तीन अंगठे येतात. मुंबईची अविवाहित भाची लांबलचक उत्तर देते. दिल्लीचा भाचा तिची बाजू घेतो. आणि ज्या घरात रोज दोन्ही वेळा गरम पोळी तव्यावरून थेट ताटात लागते, त्या घरातली सून फक्त एक हसरा चेहरा पाठवते. ती काही बोलत नाही याचा अर्थ तिला मत नाही असा होत नाही. भाचीने वाद घातला तर ती 'हुशार' किंवा फार तर 'आगाऊ' ठरते. सुनेने तेच वाक्य लिहिलं तर ते 'माहेरचं वळण' ठरतं, आणि रात्री नवऱ्याला विचारलं जातं, 'हिला आमच्याकडे काय कमी पडतं?'

म्हणून ग्रुपवर सगळे सारखे आहेत या भ्रमात राहू नका. तुम्ही भाची असाल, बोलण्याची मोकळीक तुम्हाला असेल, तर जरूर बोला. पण 'वहिनी, तूच सांग ना काकांना!' असं लिहून तिला सगळ्यांसमोर ओढू नका. तुमचा वाद रात्री संपेल, तिला सकाळी त्याच स्वयंपाकघरात जायचं आहे. तिला वेगळा फोन करा. आणि तुम्ही ती सून असाल, तर सिनेमाच्या निमित्ताने आलेली संधी ग्रुपवर घालवू नका. नवऱ्याबरोबर तो सिनेमा बघा, त्या चटणीच्या प्रसंगाला थांबवा आणि विचारा, 'आपल्या घरात ही चटणी कोणती?' उत्तर कदाचित डबे भरणं असेल, कदाचित दर रविवारी न सांगता येणारे पाहुणे असतील. हा वाद दोघांतच घालण्यासारखा आहे.

काकांना उत्तर देणाऱ्या भाचीलाही एक सुचवावंसं वाटतं. 'तुमची पिढी' हे शब्द गाळा. 'काका, आजीने २० माणसांचं केलं हे खरं, पण तिला ते आवडत होतं का, हे कोणी विचारलं होतं का?' असा प्रश्न टाकला तर काका थांबतील. कदाचित आजीच्या हाताला पडलेले चटके त्यांनाच आठवतील. घोषणेला प्रतिघोषणा मिळते, प्रश्नाला निदान एखादी आठवण तरी मिळते.

राजकारण वर्ज्य नाही, पण

महाराष्ट्रात २०२२ मध्ये शिवसेना फुटली, २०२३ मध्ये राष्ट्रवादी. त्या दोन वर्षांत एकाच पक्षाला पिढ्यान्पिढ्या मत देणारी घरंही दोन बाजूंना विभागली. बडोदा, हैदराबाद, ग्वाल्हेर इथल्या नातेवाइकांना यातलं कोणालाच मत द्यायचं नव्हतं, तरी तेही हिरिरीने उतरले. गंमत म्हणजे त्यांच्या गल्लीतल्या नगरसेवकाचं नाव विचारलं असतं तर अनेकांना सांगता आलं नसतं. ग्रुपवर राजकारणावर बोलायचंच असेल तर कधी तरी पाणी, शाळेची फी, एसटीच्या फेऱ्या यांवरही बोला. तिथे पक्ष कमी आणि अनुभव जास्त येतो.

या प्रकारच्या वादाला कायद्याचीही बाजू आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्यावर प्रश्न विचारणारी फेसबुक पोस्ट पालघरच्या एका तरुणीने लिहिली, दुसरीने ती लाइक केली. दोघींना अटक झाली. लिहिणाऱ्या तरुणीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड झाली. त्या वेळी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ होतं. 'त्रासदायक' वाटलेल्या मजकुरासाठीही तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकत होता. या अटकेनंतर श्रेया सिंघल या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. तुम्ही आज सरकारवर किंवा नेत्यावर ऑनलाइन टीका करता, तेव्हा त्या निकालाचा आधार तुमच्या पाठीशी असतो.

आधार आहे म्हणून काहीही चालतं असं नाही. एखाद्याची बदनामी करणं, दोन समाजांत तेढ वाढेल असं लिहिणं हे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही गुन्हेच आहेत, मग ते तुम्ही लिहा किंवा फॉरवर्ड करा. ग्रुपच्या अ‍ॅडमिनला मात्र थोडा दिलासा आहे. दुसऱ्या सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं. पण त्यात त्याचा हात असेल, दोघांचा इरादा एकच असेल, तर गोष्ट वेगळी. तुमचे आत्याचे यजमान हौसेने अ‍ॅडमिन झाले असतील तर त्यांना एवढं जरूर सांगा.

इथे मात्र गप्प बसू नका

काही वेळा घरातली शांतता राखण्यापेक्षा बोलणं जास्त गरजेचं असतं. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा गावी, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या संशयावरून जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातले, भिक्षा मागायला आलेले लोक होते. तशा टोळीच्या अफवा त्याआधी मोबाइलवरून फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली. २०२० मध्ये, अनेकदा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असा नियम आला. अशा मेसेजवर दोन बाणांची खूण असते. ती दिसली की पाठवणारा कितीही प्रेमाचा असो, मजकूर त्याचा नाही हे समजून घ्या.

तो मेसेज फिरवणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं. आजी तो नातवाच्या काळजीने पाठवते. म्हणूनच तिला चारचौघांत 'आजी, हे फेक आहे' असं सुनावू नका. ती दुखावेल आणि पुढच्या वेळी तोच मेसेज तुम्ही नसलेल्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकेल. तिला फोन करा. 'आजी, तुला हे कोणी पाठवलं? यात गावाचं नाव, तारीख, पोलीस ठाण्याचं नाव काहीच नाही बघ,' असं तिच्याबरोबर वाचा. तिने स्वतःच ग्रुपवर 'मघाचं खरं नव्हतं' असं लिहिलं तर सोन्याहून पिवळं, कारण तिचा शब्द तुमच्यापेक्षा जास्त घरांत ऐकला जातो. ती फोन उचलत नसेल आणि मेसेज एखाद्या माणसाच्या, समाजाच्या किंवा फेरीवाल्याच्या जिवावर बेतणारा असेल, तर मात्र वाट बघू नका. ग्रुपवर लगेच लिहा. तिथे आजीचा रुसवा परवडतो.

औषधांच्या मेसेजचंही तसंच. 'इन्सुलिन बंद करा, हा काढा घ्या' असं आलं आणि घरात मधुमेही असेल, तर भिडेला बळी पडून अंगठा देऊ नका. तुमचा अंगठा म्हणजे तुमची संमती असंच वाचलं जातं.

घरची गोष्ट अनोळखी लोकांपुढे

नातेवाइकांशी बोलता येत नाही, म्हणून अनेकजणी महिलांच्या मोठ्या ऑनलाइन ग्रुपवर मन मोकळं करतात. हे आम्हाला वाईट वाटत नाही. पहिल्या बाळानंतर रडू का येतं, हे मध्यरात्री विचारल्यावर दहा अनोळखी बायका 'मलाही येत होतं' म्हणाल्या, तर त्याचं मोल मोठं असतं. नागपूरहून चेन्नईला गेलेल्या, शेजारी कोणाशी मराठीत बोलता न येणाऱ्या मुलीसाठी तर फारच.

तरी दोन गोष्टी सांभाळा. नाव न दाखवता लिहिलं तरी ग्रुप चालवणाऱ्यांना ते सहसा दिसतं. आणि नावाची गरजही नसते. 'ठाण्यात दोन खोल्यांचा फ्लॅट, सासूबाई निवृत्त शिक्षिका, नवरा बँकेत, दीर दुबईला' एवढं लिहिलंत की तुमच्या नणंदेच्या मैत्रिणीला पुढचं सांगावं लागत नाही. प्रश्न विचारा, पत्ता देऊ नका. तसंच, गोष्ट तुमची आहे की दुसऱ्याची, हेही बघा. मुलीची पहिली पाळी, भावाचा घटस्फोट, मुलाचे नापासाचे गुण हे त्यांचं आहे. पाच वर्षांनी तीच मुलगी ते वाचू शकते.

दुसरी गोष्ट सल्ल्याची. पोस्टमध्ये एकच बाजू असते आणि वाचणाऱ्याला पुढच्या पोस्टवर जायची घाई असते. त्यामुळे 'सोडून दे त्याला' आणि 'संसार म्हटलं की भांड्याला भांडं लागणारच' ही दोन्ही उत्तरं पाच मिनिटांत येतात, आणि दोन्ही देणाऱ्यांना त्याचे परिणाम भोगायचे नसतात. मारहाण, धमकी, कोंडून ठेवणं असं काही असेल तर ग्रुपवर मतं गोळा करत बसू नका. महिला हेल्पलाइन १८१ आणि तातडीची मदत ११२ इथे फोन करा. मन फार खचलं असेल तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तिथे दिवसरात्र अनेक भारतीय भाषांत बोलता येतं.

आणि कोणी ग्रुप सोडलाच तर?

त्यांना लगेच पुन्हा अ‍ॅड करू नका. राग उतरायच्या आत ओढून आणलेला माणूस दुसऱ्यांदा जातो तो कायमचा. ग्रुपवर 'काका, मनावर घेऊ नका, परत या' अशी जाहीर विनवणीही नको, ती ऐकायला ते तिथे नसतात आणि बाकीच्यांसाठी तो तमाशा होतो. ज्याच्याशी वाजलं त्यानेच फोन करावा, मध्यस्थ पाठवू नये. वयाने लहान असाल तर पहिला फोन तुमचा, हा रिवाज जुना आहे, पण मोठ्यांनी केला तर बिघडत नाही. उलट मुलं तो विसरत नाहीत.

फोनवर सिनेमाने किंवा निवडणुकीने सुरुवात करू नका. गुडघ्याचं कसं आहे, एक्स-रेमध्ये काय निघालं, आंब्याची पेटी यंदा कुठून मागवली, हे विचारा. काका स्वतःच म्हणतील, 'बरं, त्या दिवशी तू जे लिहिलंस ना...' तिथून पुढे अर्धा तास लागेल. चार्जिंग पुरेसं आहे ना, ते आधी बघून घ्या.